पहिल्या राणीचं नाव

आमच्या एस्किलला मी अंगावर पाजलंय, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे. राजा तो अख्ख्या मुलखाचा असेल, पण चालायला शिकला माझ्या गोठ्यात, गाईची शेपटी धरून. त्याच्या आईने, थोरल्या राणीसाहेबांनी, त्याला तीन वर्षं आमच्या शेतावर ठेवला होता. म्हणे किल्ल्यातली हवा पोरांना मानवत नाही. हवा कसली? तिथल्या बायकांना पोर सांभाळता येत नाही, एवढंच. पुढे तो गादीवर बसला तेव्हा त्याने मला किल्ल्यात बोलावून घेतलं आणि दूधघर, कपडेधुणं, सगळ्या दासी माझ्या हाताखाली दिल्या. तेव्हापासून या किल्ल्यात लोणी पातळ झालेलं नाही.

त्याची पहिली राणी इंगर. देवीच्या साथीत आठ दिवसांत गेली. पोटी मूलबाळ नाही. त्यानंतर चार वर्षं हा एकटा जेवायचा आणि दुपारभर कातारीच्या चाकापाशी बसून लाकूड कातायचा. डबे, पेले, मेणबत्ती लावायचे छोटे खांब. या मुलखातल्या प्रत्येक सरदाराच्या घरी राजाच्या हातचा एक तरी वाकडा खांब आहे, आणि तो फेकून द्यायची कुणाची छाती नाही.

मग जर्मन मुलखातून एर्मगार्ड आली. उंच, काटक, बोलायला सावकाश पण डोक्याने तल्लख. वर्षभरात आमची भाषा शिकली आणि राजाला पुन्हा माणसांत बसून जेवायला लावलं. मला ती आवडली. मला सहसा कुणी आवडत नाही.

मंगळवारी तिला मुलगी झाली. गुटगुटीत, लाल, आवाज थेट बापासारखा. लगेचच्या रविवारी बाप्तिस्मा ठरला. बाळंतीण सहा आठवडे घराबाहेर पडत नाही, त्यामुळे पोर चर्चमध्ये न्यायची आणि पाद्रीबुवांना नाव सांगायचं ते धर्मआईने. राजाने धर्मआई मला केलं. त्याच्या मावशीबाई, त्या मोठ्या जहागीरदारीण, तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. छान शांत गेले ते तीन दिवस.

गुरुवारी गावातल्या बायका लापशी घेऊन आल्या. आमच्याकडे बाळंतिणीला शेजारणींनी लापशी न्यायचीच, मग ती राणी का असेना. जवाची, वर लोण्याचं तळं. राणीसाहेब पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या, प्रत्येकीच्या भांड्यातला एक एक घास खात होत्या, हसत होत्या. मासे विकणारी सिडसेल पुढे झाली. तिचा आवाज बंदरातून डोंगरावर ऐकू येतो.

"घ्या राणीसाहेब! छोट्या इंगरला भरपूर दूध येऊ द्या!"

"कोण इंगर?" राणीने विचारलं.

"अगं बाई! कोण काय? तुमची लेक! आधीची बायको वारलेली असली की पहिल्या मुलीला तिचंच नाव. यात विचारायचं काय?"

राणीने चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, यांना बाहेर न्या. आणि पाद्रीबुवांना सांगा, रविवारी बाप्तिस्मा नाही. माझी मुलगी मी नेऊ देणार नाही."

दार बंद झालं. सिडसेल मला म्हणते, "मी काय वावगं बोलले?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. चूक आम्हा सगळ्यांची होती. अख्ख्या किल्ल्याला माहीत होतं, म्हणून कुणी तिला सांगितलंच नाही.

निरोप ऐकून पाद्रीबुवा आठ दिवसांच्या आत बाप्तिस्मा झालाच पाहिजे म्हणून जिन्यात येरझारा घालायला लागले. मी त्यांना तिथेच सोडलं आणि राजाकडे गेले. तो चाकापाशी, बाह्या भुशाने भरलेल्या.

"तू तिला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं तू सांगितलंस, आई."

"मी का सांगू? बायको तुझी की माझी?"

"सगळ्यांना माहीत असतं ना हे."

"तुझ्या सगळ्यांत तिचं माहेर धरलंयस का? त्यांच्याकडे मेलेल्या सवतीचं नाव पोरीला देतात का, हे कुणी विचारलं?"

तो म्हणाला, "तिच्या आईचं नाव ठेवू. आगाथे. चांगलं नाव आहे. मला भांडण नकोय."

"आणि इंगर?"

त्याने हातातली पटाशी खाली ठेवली. "इंगरचं मागे कुणीच नाही, आई. एक पोर नाही, एक भाऊ नाही. मी गेलो की तिचं नाव घेणारंही कुणी उरणार नाही." आणि चाळीस वर्षांचा राजा माझ्यासमोर नाक पुसायला लागला, तेही भुशाच्या बाहीने. मी म्हटलं, "इथून हलू नकोस. आणि तोंड धू."

राणीने मला आत घेतलं, पण पोर छातीशी धरूनच.

"खरं सांगा बाई," ती म्हणाली. "त्यांना ती परत हवीय, हो ना? माझ्या मुलीत ते तिला बघणार. मी कोण मग? भाड्याची पाळणेवाली?"

"राणीसाहेब, माझं लग्न झालं तेव्हा माझा नवरा विधुर होता," मी म्हटलं आणि तिच्या परवानगीची वाट न बघता पलंगाच्या कडेवर बसले. गुडघे दुखतात. "त्याची पहिली बायको किर्स्टन. काय तिचं कौतुक! किर्स्टनची भाकरी अशी, किर्स्टनचं सूत तसं. सासू तर तिचं नाव घेताना डोळे मिटायची. माझी पहिली मुलगी झाली आणि रीतीप्रमाणे नाव ठेवलं किर्स्टन. मी एक दिवस रडले."

"आणि मग?"

"मग दुसऱ्या दिवशी किर्स्टनने माझ्या अंगावर शू केली. वर्षभरात मी तिला अंगणभर ओरडत होते, किर्स्टन, चिखलातून ये बाहेर! किर्स्टन, नाक पूस! किर्स्टन, कोंबडीला सोड! सासूबाईंनी डोळे मिटायचं बंद केलं. आधीची ती किर्स्टन कुठे गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या नावाला न्हाऊमाखू घालणारी मी, त्याच्या दोन थोबाडीत देणारी मी. नाव माझं झालं, राणीसाहेब. ज्या मेलेल्या बाईचं नाव असं पुढे जात नाही ना, तीच घरात खुर्ची अडवून बसते. नाव दिलं की ती उठते आणि सुखाने जाते."

राणी हसली. हसता हसता रडली. बाळंतपणात दोन्ही एकदम येतं.

"पण त्यांनी मला का नाही विचारलं?"

"कारण तो घाबरट आहे. पाजलंय मी त्याला, मला माहीत आहे."

"त्यांना बोलवा. त्यांनी स्वतः विचारायला हवं. तुम्ही नाही, मासेवालीने नाही."

मी बोलावलं. मी बाहेर जायला हवं होतं हे मला कळतं, पण पाळण्याची चादर दुमडायची होती. राजा दारातच उभा राहिला. तोंड धुतलं होतं, केसांत भुसा तसाच.

"एर्मगार्ड," तो म्हणाला, "मी एक मागायला आलोय. तुला नको असेल तर नको. मनापासून सांगतो."

"आधी मला सांगा, ती कशी होती," राणी म्हणाली. "दोन वर्षांत तुम्ही तिचं नाव माझ्यासमोर एकदाही घेतलं नाहीत. मला वाटत होतं ती संत होती."

"संत?" राजा एकदम मोठ्याने हसला. "अगं, ती पत्त्यांत लबाडी करायची! बिशपला लुबाडलं होतं तिने. गाणं इतकं बेसूर की कुत्री उठून जायची. आणि घोड्यावर बसली की..." तो बोलत सुटला. पलंगावर कधी बसला ते त्यालाही कळलं नाही. राणी मध्येच विचारायची, "बिशपला? खरंच?" आणि पोर दोघांच्या मध्ये झोपून गेली.

शेवटी तो थांबला आणि त्याने विचारलं. नीट, पूर्ण वाक्यात, राजाने राणीला विचारावं तसं. मला अभिमान वाटला, पण मी दाखवला नाही.

राणीने पोरीचं टोपडं नीट केलं. "इंगर आगाथे," ती म्हणाली. "माझ्या आईलाही थोडी जागा द्या. आणि पहिलं नाव इंगर." मग माझ्याकडे वळली. "चादर आणखी किती वेळा दुमडणार आहात, बाई? इकडे या. चर्च अंगणापलीकडेच आहे. रविवारी मी खिडकी उघडी ठेवायला सांगते. तुम्ही नाव घ्याल ते मला इथे ऐकू आलं पाहिजे."

रविवारी थंडी होती. पोर माझ्या हातात, मागे मावशीबाई नाक वर करून, राजा पांढऱ्या कॉलरीत अवघडलेला. पाद्रीबुवांनी पाण्यात हात घातला आणि अगदी हळू, प्रार्थनेच्या आवाजात विचारलं, "या बालकाचं नाव काय?"

मी शेतावरची बाई आहे. तीन शेतांपलीकडच्या गाई हाकेवर परत आणल्यात. मी छाती भरून श्वास घेतला आणि सांगितलं. पाद्रीबुवांच्या हातातलं पाणी सांडलं, मावशीबाईंनी छातीवर हात ठेवला, आणि अंगणापलीकडून, वरच्या खिडकीतून, टाळ्या वाजल्याचा आवाज आला.