धाम नदीकाठच्या धुतलेल्या बाटल्या

फोटो

पवनारला धाम नदीकाठी पाहुणे वाकून प्लास्टिकची बाटली उचलताहेत. मागे पाणी, बाजूला हसरे कार्यकर्ते. (छाया : धनंजय)

हा फोटो छापून आला नाही. का, ते खाली.

फोटोच्या आधी

वर्ध्याच्या एका दैनिकाचा संपादक निशांत सकाळी म्हणाला, "धनंजयराव, आता फोटो आपण व्हिडिओतूनच काढून घेणार. नवी वार्ताहर मोहिनी पवनारच्या स्वच्छता अभियानाला येते आहे मोबाईल घेऊन. आज तुमचा फोटो तिच्यापेक्षा सरस आला, तर पहिल्या पानावर तुमचं नाव राहील. नाहीतर..."

तेवढ्यात त्याला फोन आला. नोकरी काढून घेताना संपादकांना नेहमीच फोन येतो.

धनंजय हसला. ज्याला नेमका क्षण पकडता येत नाही तो सगळंच पकडून ठेवतो, म्हणजे व्हिडिओ. सत्य एका क्षणात असतं, असं तो कॉलेजांच्या कार्यशाळांत सांगत असे. टाळ्याही घेत असे.

फोटोच्या बाहेर

काठावर खरा कचरा भरपूर होता. सडलेले हार, लंगोट, दारूच्या बाटल्या. पाहुणे असल्याला हात लावत नाहीत. म्हणून धनंजयच्या पिशवीत पाण्याच्या धुतलेल्या बाटल्या असतात. जिल्हाभरच्या स्वच्छता अभियानांत त्याच उचलल्या जातात, फोटो झाला की त्याच पिशवीत परत जातात. कुठल्याच फोटोग्राफरला यात काही वावगं वाटत नाही.

त्याने बाटल्या मांडल्या.

"काका, हे काय करून राह्यले?" मोहिनी.

"फ्रेम बनवून राह्यलो. तुह्या मोबाईलले नाई समजत."

"इतका कचरा पडून हाये, तो काऊन नाई?"

"त्याले वास येते."

"फोटोत?"

"पाहुण्याले येते ना, बाई! साहेब, वाका. चेहरा इकडे. बाटली टाका वापस. उचला. हसू नका, चिंतेत दिसा."

"काका, मी लाइव्ह हाये."

"राह्य. तुले कोन पाह्यते?"

लाइव्ह

पुलगावने पाहिलं, हिंगणघाटने पाहिलं. पाहुण्यांच्या सासुरवाडीनेही पाहिलं.

खाली कमेंट : 'बाटली मस्त चमकून राह्यली बे, कोनता साबण?'

केबिन

"फोटो पाहून तर घ्या," धनंजय म्हणाला. फोटो खरंच चांगला होता. प्रकाश, पाणी, चिंता, सगळं जागच्या जागी.

"पाहिला की. काढताना पाहिला." निशांतने मोबाईल फिरवून त्याच्यापुढे धरला. "धनंजयराव, सोन्याची खाण आहात तुम्ही! उद्या अल्लीपूरला वृक्षारोपण. तुम्ही साहेबांना रोप लावायला लावा, उपटा, पुन्हा लावा. मोहिनी शूट करेल. दर आठवड्याला."

"अन् फोटो?"

"कशाला? कॅमेरा मात्र गळ्यात असू द्या. शोभतो."

धनंजयने गळ्यातला कॅमेरा काढून हातात घेतला. त्याचा चेहरा बघून निशांतला वाटलं, आता हा कॅमेरा टेबलावर आपटणार.

"नाव येईन?"

"येईल."

"पहिल्या पानावर?"

"पहिलं पान वाचतं कोण? व्हिडिओवर येईल, तुमच्या थोबाडासकट."

दुसऱ्या दिवशी अल्लीपूरला निघण्याआधी धनंजयने मिशी काळी करून घेतली.