राखीव हात

राखीव जवानांना चालू पलटणीत शिवून टाकायचं काम सोमवारी सकाळी सुरू झालं. पलटणीचा शिंपी तुपे मैदानावरच मशीन मांडून बसला होता. मी नायक म्हणून निवृत्त होऊन सात वर्षं गावात पिठाची गिरणी चालवत होतो. बोलावणं आलं तेव्हा बायकोला, हिराला, सांगून निघालो, महिन्याभरात परत येतो.

मी डावखुरा. माझा डावा हात उत्तम धुमाळच्या उजव्या हाताला शिवायचा होता. धुमाळ चोवीस वर्षांचा, चालू नोकरीतला. अंगठा कुठल्या बाजूला ठेवायचा यावरून जरा खोळंबा झाला. शेवटी तुपेने त्याचा हात माझ्या हातात कोंबला आणि वरून टीप मारली. वर दिसत राहिला तो माझाच हात, 'हिरा' गोंदलेला.

"दुखतंय का, उस्ताद?" धुमाळने विचारलं.

"छे."

ब्रह्मांड आठवलं होतं.

दोघांत एक खाट, एक ताट मिळालं. तो हात धुमाळच्या उजवीकडचा, त्यामुळे घास त्याच्याच तोंडात जायचा. मी वाळत चाललो. हिराची पत्रं यायची. लिहायचा हातही तोच, म्हणून उत्तरं धुमाळच लिहायचा.

'तुमचं अक्षर किती सुधारलं,' हिराने कळवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यापुढचं पत्र 'प्रिय उत्तम' असं आलं.

महिना भरत आला आणि धोरण बदललं. साहेब मैदानावर आले.

"राखीव पुन्हा वेगळे करा. धुमाळ, तुझी दहा दिवसांची रजा मंजूर. सुटलास की घरी जा."

तुपे कात्री घेऊन आला. बराच वेळ चाचपत राहिला.

"टाके मुरलेत साहेब. शिवण सापडत नाही."

"हात कोणाचा?"

"माझा," मी म्हणालो. "माझ्या बायकोचं नाव आहे त्यावर. मला तो घरी न्यायचाय."

"माझ्याही बायकोचं आहे," धुमाळ म्हणाला, आणि खिशातलं पत्र त्याने साहेबांना दिलं.

साहेबांनी ते सावकाश वाचलं, घडी घालून परत केलं. मग घड्याळ पाहिलं.

"राखीव, एक पाऊल मागे!"

सतरा वर्षांच्या नोकरीची सवय. विचार करायच्या आत माझं पाऊल मागे पडलं. खांद्यापाशी कापड फाटल्यासारखा आवाज झाला. हात माझ्याबरोबर आला नाही.

धुमाळने टाच आपटून सॅल्यूट ठोकला. त्याच्या कपाळाचा घाम माझ्या बोटांना लागला.