मिठाची रेघ

श्रीपाद मास्तरांनी प्लॅटिनमची तार दिव्याच्या ज्योतीत धरली आणि उजेडातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या विलायती नळीला डोळा लावला.

तार, स्वच्छ: काळोख.

"आता ते दे."

झेवियर शाळेच्या दारातून टेबलापाशी आला. सकाळी कोलशेतच्या मिठागरात तान्ही मुलगी गेल्याचा निरोप मिळाला तसाच तो घरी धावला होता, आणि घरून तसाच ठाण्याला. पोटऱ्यांवर खारं पाणी पांढरं होऊन वाळलेलं. त्याने बंडीच्या आतून, छातीपाशी धरलेलं दुपटं काढलं. मुलीचं नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं.

"जोसेफिन मावशी एकटीच होती पोरीजवळ. म्हणते, पोर निळी पडली तवा मीच बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर घातलं, जिभेवर मीठ ठेवलं. घडीभरानं म्हणते, नाय ठेवलं. म्हातारीच्या ध्यानात ऱ्हात नाय. पाद्री म्हणतात, बाप्तिस्मा झाला असंल तर कबरस्तानात आत पुरू. नायतर भिंतीभायेर."

"मग पाणी घातल्याची काही खूण?"

"पाणी सुकतं, मास्तर. मीठ ऱ्हातं." तो थांबला. "तुमीच आगरावर आलेले तवा बोललात, या नळीत मीठ लपत नाय. पिवळी रेघ दिसते."

तसं ते बोलले होते खरे. मोठ्या उत्साहात.

मुलीचे ओठ पुसल्याचा डाग असलेला दुपट्याचा कोपरा त्यांनी कातरला, शुद्ध पाण्याच्या थेंबात भिजवला, तार त्यात बुडवली.

दुपट्याचं पाणी: रेघ.

झेवियर त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मास्तरांनी तार आम्लात धुतली, तापवली, पुन्हा पाहिलं.

तार, स्वच्छ: रेघ.

"जरा दाराशी उभा राहा."

झेवियर दाराशी: काळोख.

"ये."

झेवियर टेबलापाशी, बंडी झटकत: रेघ.

"हाय का नाय, मास्तर?"

"रेघ आहे. पण झेवियर..."

"मना दाखवा."

तो वाकला. मास्तरांनी तार बशीत ठेवून दिली. ज्योत रिकामीच जळत होती आणि झेवियरचा श्वास तिला लागत होता.

"हाय," तो म्हणाला. "लख्ख हाय." टेबलाची कड त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

बऱ्याच वेळाने त्याने डोकं वर काढलं. बशीतली तार पाहिली. मग स्वतःचे मिठाने भरलेले तळवे. कुणी न सांगताच तो दारापर्यंत मागे गेला आणि तिथून ज्योतीकडे बघत उभा राहिला. ज्योतीतला पिवळेपणा विरला. ती निळसर झाली.

तो परत आला. कातरलेला कोपरा आत दडवत त्याने दुपट्याची घडी केली.

"दिवस बुडायच्या आत पोचाया पायजे," तो म्हणाला. "रेघ दिसली, असं मी सांगून काय होणार? तुमी शिकलेले. तुमचं ऐकतील पाद्री."

मास्तरांनी दिवा विझवला. खुंटीवरचं पागोटं काढलं.