पुतळीच्या खळ्यावरची खाट

मी खाट बोलतेय. फोल्डिंगची, लोखंडी नळीची, हिरव्या नायलॉनच्या पट्ट्यांची. माझ्याकडून गोड बोलणं होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. जिच्या अंगावर ज्याने त्याने यावं आणि घोरावं, तिच्या तोंडी साखर कुठून यायची?

माझा जन्म पेणला, रामवाडीत झाला. हायवेच्या कडेला केरू वेल्डरची शेड होती. साल पंच्याण्णव, वैशाखातली टळटळीत दुपार. केरूने मला सांधलं, रंग फासला आणि तो धड सुकायच्या आत गिऱ्हाईकापुढे उभं केलं.

गिऱ्हाईक म्हणजे दामोदर. रोह्याचा माणूस. जमिनीखालून टेलिफोनची केबल टाकणाऱ्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होता. सोबत बायको लतिका, रोह्यातल्या शाळेत शिक्षिका. दामोदरला राहायला चाकांवरची पत्र्याची खोली मिळाली होती. काम पुढे सरकलं की ट्रॅक्टर लावून तीही पुढे ओढायची. आत एक अरुंद बाक होता आणि एक टेबल. टेबलाचे पाय दुमडून ते खाली पाडलं की त्याचा म्हणे पलंग व्हायचा. त्यावर दामोदर झोपे. अडचण होती ती पाहुण्यांची.

"अहो, बाकावर गादी टाका की," लतिका म्हणाली.

"त्या बाकावर? मागच्या महिन्यात मोजणीवाला कुशीवर वळला तो थेट जमिनीवर."

"मग खाली चटई अंथरा."

"अगं, उद्या हैबतराव मुक्कामाला आले तर? ठेकेदार आहेत ते. मालकाला चटई देऊ?"

मग हा बाबा बुटांसकट माझ्यावर आडवा झाला. माझा रंग ओला, ह्याच्या बुटांना चिखल. या कुशीवरून त्या कुशीवर वळून बघितलं, डोळेसुद्धा मिटून बघितले.

"हत्ती झोपवा सायेब, काय व्हनार नाय," केरू म्हणाला.

"हत्ती नाही हो, हैबतराव," लतिका म्हणाली.

त्याच दिवशी टेम्पोतून मी गडब गावाला आले. खोलीही त्याच दिवशी तिथे आणून लावत होते. हायवेला लागून एक सपाट जागा होती आणि पलीकडे भाताची शेतं. ती जागा म्हणजे गावातल्या पुतळीचं खळं. भात कापून आणायचं, झोडायचं, वाऱ्यावर उपणायचं, ते सगळं तिथे. दर वर्षी ती जागा तासून, चोपून, शेणाने सारवून घ्यायची म्हणजे दाण्यात माती येत नाही. तिचा नवरा शिवा मिठागरावर कामाला जाई आणि शेती पुतळी बघे.

दामोदर हात जोडून म्हणाला, "पुतळीबाई, चारच दिवस. फार तर पाच. भाडं काय घ्याल ते सांगा."

पुतळी हसली. "चार दिस पाहुने म्हनून रावा. पाहुन्याकडून भाडं घेतंत काय कुनी?"

वर तिने हंडाभर पाणी आणून दिलं. कागद नाही, पत्र नाही. मी बाहेर दुमडलेली उभी होते, सगळं ऐकलंय.

चार दिवसांचे आठ झाले. मग पाऊस लागला, खणायचं काम थांबलं आणि खोली तिथेच राहिली. पावसाळ्यात खळ्याचं तसं काम नसतं, म्हणून पुतळीही काही बोलली नाही. उलट गौरीच्या सणाला तिने दामोदरला जेवायला बोलावलं आणि हा मेला दोनदा भात मागून जेवला.

त्या चार महिन्यांत माझ्यावर किती जण झोपले याची गणतीच नाही. स्टोअरवाला झोपला, ड्रायव्हर झोपले, दामोदरचा एक मावसभाऊ तर सर्दी घेऊन आठवडाभर पडून होता. प्रत्येक पाहुण्याचं पहिलं वाक्य एकच. "माझं काही नाही हो, मी कुठेही झोपेन." आणि पाचच मिनिटांत उशी उंच होते, पंखा लागत नाही, खिडकीतून डास येतात, पाय भिंतीला लागतात! कुठेही झोपणाऱ्या माणसाइतका त्रासदायक माणूस मी अजून बघितलेला नाही.

दसरा झाला. भात पिवळं पडलं. पुतळी आली आणि दाराशी उभी राहून म्हणाली, "भाऊ, आता ह्यो पत्र्याचा डबा हलवा. मना खलं करायचं हाय."

"चार दिवसांत हलवतो," दामोदर म्हणाला.

चार दिवसांनी ती पुन्हा आली. "साहेबांना विचारतो." पुन्हा आली. "ट्रॅक्टर नादुरुस्त आहे." आकाशात रोज ढग येत होते. कापलेलं भात भिजलं तर लोंबीतच मोड येतात आणि वर्षाचं खाणं जातं. तिचा जीव टांगणीला लागला होता आणि हा आत बसून शेव खात होता.

चौथ्या खेपेला दामोदर चिडला. म्हणाला, "सारखी काय येतेस गं? हायवेच्या कडेची जागा सरकारी असते. तुझी कशावरून? दाखव कागद."

पुतळी पाठ फिरवून शेताकडे चालती झाली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. भाडं घेतलं असतं तर निदान पावती असती तिच्याकडे. पाहुणा म्हणून ठेवलं, हीच तिची चूक झाली!

दोन दिवसांनी हैबतराव यायचे होते. लतिका सकाळच्या गाडीने रोह्याहून जेवणाचे डबे घेऊन आली. दामोदरने मला धुतलं, पुसलं, वर नवी चादर घातली. नेमकी दुपारी बाराला पुतळी आली. काखेत गोधडी होती. कुणाला काही न विचारता ती आत शिरली, माझ्यावर गोधडी अंथरली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

"पुतळीबाई, हे काय?" लतिका घाबरून म्हणाली.

"पाहुनी आले मी. चार दिस रानार. तुमचा नवरा माज्याकडं रायला, आता मी तुमच्याकडं."

"अहो, आज साहेब येणार आहेत!"

"येऊं द्या. तो बाक हाय की मोकला."

दामोदर ओरडला, हात उगारल्यासारखं केलं, पोलिसाला बोलावतो म्हणाला. पुतळी तोंड न वळवता म्हणाली, "बोलवा. त्याची पन झोपायची सोय करा."

इतक्यात जीप थांबली. हैबतराव साताऱ्याकडचे, अंगाने दांडगे, उन्हाने लालबुंद झालेले. जेवण झालं की तासभर झोपल्याशिवाय हा माणूस कुणाशी नीट बोलत नसे. आणि बाहेर सावलीत जेवून आत आले तर खाटेवर बाई! दामोदर त त प प करू लागला. त्याने त्यांना बाकावर निजवलं, तर अर्धं अंग बाहेर. टेबल पाडून पलंग केला, तर फळी निसटून धनी खाली. शेवटी चटई अंथरली, तर खालचा पत्रा असा तापलेला की हैबतराव ओरडत उठले. मला काय हसू येत होतं म्हणून सांगू!

"ही बाई कोन हाय? उठव तिला!" ते गरजले.

तेव्हा पुतळी उठून बसली. "मी उठते सायेब. आधी तुमचा डबा उठवा. माज्या खल्यावर हाय तो. भात उभं हाय रानात."

हैबतराव दाराशी गेले. खाली बघितलं, मग दामोदरकडे.

"खळ्यावर लावलास डबा?"

"साहेब, चार दिवसांसाठी म्हणून..."

"भाडं दिलंस?"

"तिने घेतलं नाही. आणि जागा तिचीच आहे, याचा कागद नाही साहेब."

"अरं गाढवा! खळ्यावर पायताण घालून गेलो म्हणून माझ्या बापानं त्याच पायताणानं हाणलं हुतं मला. आन् तू चाकं घातलीस?"

ट्रॅक्टर मुळीच नादुरुस्त नव्हता. अर्ध्या तासात तो जोडला गेला. पुतळीने मला बाहेर काढलं आणि माझ्या काठावर बसून ती बघत राहिली. खोली हलली. खालची जमीन उघडी पडली.

जमीन काळी होती. खोलीखाली डिझेलचं पिंप ठेवलेलं असायचं. ते पावसाळाभर गळत राहिलं होतं. चाकांचे दोन खड्डे आणि मधे सगळीकडे तेल. पुतळीने मूठभर माती उचलून हुंगली आणि तिला रडू फुटलं. त्या मातीवर भात झोडलं असतं तर वर्षभर घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नसता.

लतिका तिच्याजवळ गेली. "पुतळीबाई, चुकलं हो आमचं."

"हात नको लावू गो," पुतळी म्हणाली. डोळे पुसले, मला दुमडलं आणि डोक्यावर घेतलं. "ही मी नेनार."

"साहेब, खाट आपली आहे," दामोदर म्हणाला.

"आन् खळं कुनाचं हुतं?" हैबतरावांनी विचारलं.

मला वाटलं, आता घरात नेऊन ही माझ्यावर झोपेल. पण भात कापून झाल्यावर तिने मला शेतातच एका ताडपत्रीवर उघडलं. भाताची पेंडी दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या नळीवर हाणली. आई गं! मग दुसरी, मग तिसरी. शिवा पेंड्या देत होता आणि ती झोडत होती. प्रत्येक फटक्याला म्हणायची, "चार दिस! चार दिस!" दाणे पट्ट्यांच्या फटींतून खाली पडत होते. संध्याकाळी आभाळ गडगडलं, तोवर शेवटचं पोतं घरात गेलं होतं. तिने माझ्या पट्ट्यांत अडकलेले दाणे एकेक करून वेचले. एवढ्या मायेने मला कधी कुणी हात लावला नव्हता.

याला आता चार वर्षं झाली. खळं पुन्हा झालं नाही, तिथे अजून नीट गवतही उगवत नाही. दर दिवाळीच्या सुमारास मला बाहेर काढतात आणि मी मार खाते. पट्ट्या विरल्यात, एक पाय वाकलाय. पण माझ्यावर आता कुणी घोरत नाही आणि पुतळीच्या घरचं भात माझ्यातून गळून जातं, याचा मला माज आहे. असू दे.

तुम्हाला एकच सांगते. कुणी पाहुणा म्हणून जागा दिली, तर पाहुण्यासारखं राहा आणि पाहुण्यासारखं निघा. दिलेल्या जागेचा कागद मागू नका. आता तुम्हीही उठा, कधीचे ऐकत बसलायत. आमच्या पेंड्या यायच्या आहेत.