शब्दाबाहेर नाही

हाताचं ग्रीस पुसत पंपवाला तळघरातून वर आला, तेव्हा थोरल्या भावाची चादर नीट घडी घालून ठेवलेली होती. दादाने जन्मात कधी अंथरुणाची घडी घातली नव्हती.

“दादा कुठाय?”

पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रातल्या त्या हॉलमध्ये तेवीस माणसं होती. ती एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी शाळेतल्या बाई म्हणाल्या,

“गेले ना. तुम्हीच सांगितलंत.”

“मी? काय सांगितलं?”

“मघाशी खालून ओरडलात की. ह्याला कोणीतरी बाहेर काढा रे, डोकं उठवलंय.”

पंपवाला हसला. हसू अर्ध्यातच जिरलं. दादा त्याला दुरुस्तीतली अक्कल शिकवत होता, चाळीस वर्षं शिकवत आला होता, आणि तोही चाळीस वर्षं असाच खेकसत आला होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण आकाशातून विषारी राख पडायला लागली आणि पंप चालवता येणारा एकटाच म्हणून लोकांनी पुढारीपणाची धोंड त्याच्या गळ्यात बांधली. तेव्हापासून तो म्हणेल तसं निमूट होत होतं. माणशी दोन पेले पाणी म्हणाला, तर दोन पेले. खरं सांगायचं तर त्याला ते बरंच वाटलं होतं.

“आणि तो गेला? भांडला नाही?”

“आम्ही म्हटलं, थांबा, पुन्हा विचारतो,” बेकरीवाला मान खाली घालून म्हणाला. “तर दादाच म्हणाले, विचारू नका. त्याचा एक शब्द खाली पडू दिलात, तर उद्या दुसरा कोण झेलणार? तोंडाला ओलं फडकं बांधलं नि निघाले.”

“कधी?”

“झाला असेल अर्धा तास.”

ओलं फडकं जेमतेम तासभर टिकायचं. पण दादाचे गुडघे दुखरे, चालून चालून किती लांब गेला असेल? पंपवाल्याने हाताला लागलं ते फडकं भिजवलं.

“दार उघडा!”

लोखंडी दार उघडलं. राखेत फाटकापर्यंत पावलं उमटली होती. त्याने एक पाय बाहेर टाकला आणि मागची खुडबूड ऐकून वळला. बाई चपला घालत होत्या. बेकरीवाल्याने म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेतलं होतं. बाळंतीण तान्ह्याच्या तोंडावर ओलं फडकं गुंडाळत होती.

“हे काय चाललंय?”

“तुम्ही निघालात ना?”

“मी दादाला आणायला चाललोय! तुम्ही इथंच थांबा.”

“तुम्ही नाही परतलात, तर पंप कोण चालवणार?” बाई शांतपणे म्हणाल्या. “इथं तहानेने मरण्यापेक्षा तुमच्यामागे येतो. आम्ही तुमच्या शब्दाबाहेर नाही. एवढं एक सोडून काहीही सांगा.”

उघड्या दारातून राख आत येत होती. तान्हं खोकलं. पंपवाल्याला रडू येत होतं, रागही येत होता, आणि सगळ्यांत जास्त राग दादाचा. बाहेरची पावलं हळूहळू भरून येत होती. त्याने पाय आत घेतला.

“दार लावा,” तो म्हणाला.

कोणीतरी एकदा तरी पुन्हा विचारेल म्हणून तो थांबला. बेकरीवाल्याने दार केव्हाच लावलं होतं.