‘नवलतारा’ छापणारे यंत्र

मी एक जुने, पायाने चालवायचे छपाईयंत्र आहे. निजामाच्या राज्यात, गुलबर्गा स्टेशनाजवळच्या बोळात लिंगराज यांनी मला बसवले. मित्रांनो, तेव्हा राजकारणाचा शब्द छापला तरी छापखान्याला कुलूप लागायचे. म्हणून लिंगराजांनी विज्ञानाच्या अद्भुत गोष्टींचे मासिक काढले, ‘नवलतारा’. चंद्रावरची ज्वारी, उडती बैलगाडी, समुद्राखालचे गाव, सारे मी छापले. वाचणारे मात्र थोडेच.

एकदा त्यांनी एका आरशाची गोष्ट लिहिली. त्यात दूर गेलेले माणूस दिसे. अंक खपावा म्हणून मथळ्यावर त्यांनी ‘सत्य घटना’ असे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले.

“लोक खरं धरतील की,” त्यांच्या पत्नी गौरम्मा म्हणाल्या.

ते नुसते हसले.

तो अंक बीदरपासून अफझलपूरपर्यंत हातोहात गेला. मी सारखे धडधडत होते, फुशारलेही होते.

मग करजगीहून लक्ष्मम्मा आल्या. पायांवर धूळ, पदरात भाकरी, उराशी ‘नवलतारा’चा अंक.

“अण्णा, त्यो आरसा कुठं हाय? माझा बंडेप्पा ममईला गेलाय, कायबी खबर न्हाई. एकडाव त्याचं तोंड दावा.”

“अक्का, तसा आरसा न्हाई. मनानं रचलेली गोष्ट हाय ती.”

“मास्तरनं वाचून दावलं. खरं हाय म्हून लिवलंय.”

“व्हय. मीच लिवलं.”

“कामून लिवलं, अण्णा?”

गौरम्मांनी पाणी दिले, ते तसेच ठेवून लक्ष्मम्मा निघून गेल्या.

पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर लिंगराजांनी ठळक छापले: ‘आरशाची गोष्ट खोटी. दोष माझा.’ खाली करजगीला जाऊन विचारून आणलेले बंडेप्पाचे वर्णन दिले. ते अंक घेऊन ते मुंबईला गेले, गिरण्यांच्या दारांत उभे राहिले आणि एकटेच परतले.

नवल असे की मासिक आणखी वाढले. ‘असा खरा संपादक पाहिला नाही,’ लोक म्हणत. कौतुक ऐकले की लिंगराज मान खाली घालत. निजामाचे राज्य गेले, तरी बंडेप्पाचे वर्णन दर अंकात येतच राहिले. ते खिळे झिजले, तसे नवे आणवले.

आज मी गंजत पडले आहे. मला तेल घाला, असे मी म्हणत नाही. मित्रांनो, अद्भुत गोष्टी खुशाल रचा. पण कोणी आई तुमचा कागद उराशी धरून पायी चालत येईल, एवढे ध्यानात ठेवा.