कागदी दारामागचा आवाज

"मावशी, आता नीट ऐका हं. या प्रसंगात ती दिसत नाही, नुसती बोलते." चित्रपट संग्रहालयातल्या नारे या तरुणीने ग्येसुकला सांगत रीळ पुन्हा सुरू केलं.

पडद्यावर कागदी दार, दारामागे दिव्याच्या उजेडात एक सावली. कोरियातल्या राजांच्या काळातल्या मोठ्या घरची विधवा. बाहेर बर्फात उभ्या असलेल्या लेखनिकाला ती सांगत होती, "बर्फ पडतोय तोवर जा, पावलं बुजू देत. उजाडल्यावर पावलं दिसली, तर मी त्यांच्यामागून येईन."

साठ वर्षं हरवलेला हा चित्रपट एका बंद थिएटरच्या माळ्यावर सापडला होता. त्या काळी नायिकेचा चेहरा एकीचा असे, आवाज दुसरीचा. आणि आवाजवालीचं नाव कुठेच लागत नसे. ग्येसुकचे वडील मरेपर्यंत सांगत, तो आवाज तुझ्या आईचा. आई क्षयाने गेली तेव्हा ग्येसुक पाच वर्षांची होती. पुढे इंचॉनच्या इस्पितळात तीस वर्षं चादरी धुताना तिने एवढंच जपलं, की तो आवाज कधी कानी पडला तर आपण ओळखू.

शेजारी तिची धुलाईघरातली मैत्रीण मल्सुन नाक पुसत होती. "अरे मुडद्या, थांब की!" ती लेखनिकावर खेकसली.

"ताई, गप्प बस ना."

"बसते. पण तीच ना गं?"

ग्येसुकने डोळे मिटले. आवाज गोड होता, जरासा थरथरत होता. कुणाचाही असू शकत होता.

"परत लावू?" नारेने विचारलं. चार वेळा लावून झालं होतं.

"नको."

"जुन्या कागदांत दोन नावं आहेत, मावशी. तुमच्या आईंचं आणि आणखी एकीचं. तुम्ही हो म्हणालात, तर आईंचं नाव पडद्यावर घालू."

"म्हण की हो," मल्सुन कुजबुजली. "कोण विचारायला येतंय? दोघीही केव्हाच गेल्या."

"त्या दुसरीला मूल होतं?" ग्येसुकने विचारलं.

"एक मुलगी होती म्हणतात. आम्ही शोधलं, पत्ता लागला नाही."

ग्येसुक बराच वेळ चष्मा पुसत राहिली.

"मला ओळखू आला नाही," ती म्हणाली. "तसंच लिहा."

दारापाशी नारेने वाकून निरोप घेतला. ग्येसुकही वाकली, वयाने मोठी असून त्या पोरीपेक्षा खाली. पुन्हा सरळ व्हायला तिला वेळ लागला.